डिसेंबरची सावली

जूनचा तिसरा आठवडा होता आणि पर्थमधल्या एका बैठ्या घराच्या छपरावर ओणवा होऊन मी माझीच चूक बघत होतो. घराच्या मालकीणबाई खाली अंगणात, दोन्ही हात कोटाच्या खिशांत घालून उभ्या. जानेवारीत मी बसवून दिलेली सोलर पॅनेलं महिना-दोन महिने झकास चालली होती. मे संपता संपता दुपारची वीज घसरायला लागली. थंडीत ती घसरणारच, हे बाईंनाही ठाऊक होतं. पण शेजाऱ्यांच्यापेक्षा त्यांची जास्तच घसरली होती, आणि बाई मीटरचे आकडे वहीत लिहून ठेवणाऱ्या होत्या.

शिडीच्या शेवटच्या पायरीवरच उलगडा झाला. पाण्यावर चालणाऱ्या कूलरची भलीमोठी पेटी इथल्या कितीतरी घरांच्या छपरावर असते. तशी इथेही होती. तिची सावली घडी घातलेल्या पंच्यासारखी आढ्याकडच्या पॅनेलांवर पसरली होती. घड्याळात सव्वाबारा. म्हणजे बरोबर माध्यान्ह, वीज सगळ्यांत जास्त यायची वेळ. एका रांगेत जोडलेल्या पॅनेलांचं बैलगाडीसारखं असतं. एक बैल लंगडला की गाडी मंदावते.

आता मी जानेवारीत सावली तपासलीच नव्हती, असं नाही. तपासली होती. मोबाइलवर एक अ‍ॅप असतं, त्यात तारीख टाकली की त्या दिवशीची सूर्याची वाट आकाशावर आखलेली दिसते. मी तारीख टाकली होती 22 डिसेंबर.

पुण्यात नऊ वर्षं मी हेच काम केलं. गच्चीवर चढायचं, पाण्याची टाकी, जिन्याची खोली, शेजारची इमारत बघायची आणि 22 डिसेंबरला दुपारी त्यांची सावली कुठवर जाईल ते काढायचं. पुण्यात त्या दिवशी भर दुपारी सूर्य जेमतेम 48 अंशांवर असतो. एक मीटरच्या कठड्याची सावली उत्तरेकडे 90 सेंटिमीटर लांबते. त्या सावलीतून सुटलात की वर्षभर सुटलात. हा नियम माझ्या अंगात इतका मुरला होता की ‘डिसेंबर’ आणि ‘लांब सावली’ हे दोन वेगळे शब्द आहेत हेच मी विसरलो होतो. पर्थला 22 डिसेंबरला माध्यान्हीचा सूर्य 81 अंशांवर, जवळजवळ डोक्यावर. एक मीटरच्या वस्तूची सावली सपाटीवर वीतभरसुद्धा नाही. तीच 21 जूनला दीड मीटरच्या आसपास जाते. माझ्या छपराला आढ्याकडे चढ होता म्हणून ती थोडी आधीच अडली, एवढंच काय ते नशीब.

यातली गंमत म्हणजे दिशेत मी चुकलो नव्हतो. भारतात पॅनेलं दक्षिणेकडे तोंड करून बसवतात, इथे उत्तरेकडे, हे मी पहिल्या दिवसापासून घोकत होतो. विमानात घोकत होतो. दिशा मी फिरवली होती. महिना फिरवायचा राहिला होता.

दिशा फिरवणं मला जड गेलं नाही, कारण लहानपणी ती एकदा फिरवून झाली होती. मी रत्नागिरीकडचा. आमच्या वाडीत ‘वर’ म्हणजे घाट आणि ‘खाली’ म्हणजे दर्या. वरची आळी उगवतीला, खालची मावळतीला. एसटी वर जायची ती कोल्हापूरला, म्हणजे पूर्वेला. वऱ्हाड वरून यायचं, कांदेबटाटे वरून यायचे, पावसाळ्यात नदीचं लाल पाणी वरून यायचं. उत्तर आणि दक्षिण या दोन बाजू होत्या, वर-खालीशी त्यांचा काही संबंध नव्हता. मग शाळेत भिंतीवर नकाशा आला. त्यात उत्तर वर होती, सह्याद्री उजवीकडे कुठेतरी उभा होता आणि समुद्र डावीकडे. गुरुजींनी मला पुढे बोलावून ‘कोल्हापूर कुठल्या बाजूला?’ विचारलं तेव्हा मी हात वर केला. वर्ग हसला. हात वर केला तो घाटाकडे होता, हे सांगायचं मला सुचलं नाही.

पुढे कळलं, मी एकटाच नव्हतो. इंग्लंडमधल्या हेरफर्ड कॅथीड्रलमध्ये सुमारे 1300 सालचा जगाचा नकाशा आहे, त्यात वर पूर्व आहे. सिसिलीचा राजा दुसरा रॉजर याच्यासाठी अल्-इद्रिसीने 1154 साली पुरा केलेल्या नकाशात वर दक्षिण. आणि आपली भाषा तर पूर्वेकडे तोंड करूनच उभी आहे. पूर्व म्हणजे पुढचं, आधीचं; पश्चिम म्हणजे मागचं; दक्षिण म्हणजे उजवा हात. पूजेला पूर्वाभिमुख बसलेल्या माणसाच्या उजव्या हाताला जे येतं ते दक्षिण, आणि त्यावरूनच दख्खन. उत्तर वर ठेवायची रूढी नकाशा काढणाऱ्यांनी पाडली. पृथ्वीने तसं काही कुणाला कळवलेलं नाही.

पर्थला उतरलो तेव्हा पहिले चार दिवस फार बरं वाटलं. समुद्र पश्चिमेला! सूर्य पाण्यात मावळतो! सिडनीला गेलेल्या मित्रांना हे भाग्य नव्हतं. दुपारनंतर समुद्रावरून गार वारा सुटतो, त्याला इथले लोक ‘फ्रीमँटल डॉक्टर’ म्हणतात. उन्हाने काहिली झालेल्या शहराला तपासायला येणारा डॉक्टर. मला तो आपला खारा वाराच वाटला. फक्त आमच्याकडे उन्हाळ्यात तो बहुतेक वायव्येकडून यायचा, इथे नैऋत्येकडून येतो. पृथ्वी फिरते म्हणून वारा उत्तर गोलार्धात उजवीकडे वळतो आणि दक्षिण गोलार्धात डावीकडे, त्याचाही यात हात आहे. नैऋत्येचा वारा म्हटल्यावर कोकणी माणूस छत्री शोधतो. इथे पोरं त्या वाऱ्यात टॉवेल घेऊन समुद्रावर निघतात.

पाचव्या दिवशी हरवलो. भर दुपारी स्टेशनाबाहेर पडलो, घर दक्षिणेला होतं, फोनची बॅटरी संपलेली. काही विचार न करता सूर्य समोर घेतला आणि चालू लागलो. अर्धा तास चालल्यावर एका पेट्रोल पंपावर विचारलं, तेव्हा समजलं की प्रत्येक पाऊल घरापासून लांब टाकलंय. छपरावर असताना मला उत्तरेचा सूर्य पाठ होता. रस्त्यावर पायांना कुणी सांगितलं नव्हतं.

त्यानंतर मी सूर्याकडे जरा लक्ष देऊन बघायला लागलो. सूर्याकडे तोंड करून उभं राहिलं तर पुण्यात तो डावीकडे उगवतो आणि उजवीकडे मावळतो. इथे उजवीकडून डावीकडे जातो. जमिनीवर काठी रोवली तर तिची सावली इथे घड्याळाच्या उलट फिरते. घड्याळाचे काटे ज्या दिशेने फिरतात ती उत्तर गोलार्धातल्या छायायंत्राची दिशा आहे. आपली प्रदक्षिणाही तशीच, उजवा हात देवाकडे ठेवून, सूर्याच्या चालीने. पर्थच्या घरामागे आम्ही कुंडीत तुळस लावली आहे. बायको तिला प्रदक्षिणा घालते तेव्हा वरचा सूर्य उलटा चाललेला असतो. हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, ‘त्याला म्हणावं तू तुझं बघ.’

रात्रीही तेच. चंद्रावरचा ससा इथे उताणा. उन्हाळ्यात संध्याकाळी मृग नक्षत्र डोकं खाली करून उभं असतं. ज्यांना आपण हरणाच्या पोटातला बाण म्हणतो त्या ताऱ्यांना आणि त्यांच्या खालच्यांना मिळून इथले लोक दांड्याचं पातेलं म्हणतात, आणि उलटं बघितल्यावर ते खरंच पातेल्यासारखं दिसतं. गावी दक्षिणेला बराच खाली राहणारा अगस्त्य इथे उंचावरून जातो. ध्रुव नाही. त्याच्या जागी, दक्षिण शोधायला, त्रिशंकू आहे. विश्वामित्राने अधांतरी टांगलेला, डोकं खाली असलेला राजा. लहानपणी ही गोष्ट ऐकताना त्याची कीव यायची. इथे आल्यावर वाटतं, त्याला खाली बघणाऱ्यांनी उलटा म्हटलं असेल.

माझं पुण्याचं होकायंत्रही इथे बिघडलं. बिघडलं म्हणजे, सुई झाकणाला घासायला लागली. दुकानदाराने हातात घेतलं आणि विचारलं, उत्तरेचं आहे का? पृथ्वीचं चुंबकत्व सुईला नुसतं उत्तर-दक्षिण वळवत नाही, तिचं एक टोक खालीही ओढतं. चुंबकीय विषुववृत्ताच्या वर उत्तर टोक, खाली दक्षिण टोक, आणि पर्थसारख्या ठिकाणी ही ओढ बरीच. म्हणून सुया प्रदेशाप्रमाणे तोलून बनवतात. नवं होकायंत्र घेतलं. जुनं अजून खणात आहे. भारतात गेलो की बरोबर नेतो, तिथे ते चोख चालतं.

घरात आता एक उलटा नकाशाही आहे. स्टुअर्ट मॅकआर्थर नावाच्या ऑस्ट्रेलियन माणसाने दक्षिण वर ठेवून जगाचा नकाशा काढला आणि 26 जानेवारी 1979 रोजी, ऑस्ट्रेलिया दिनी, प्रसिद्ध केला. बारा वर्षांचा असताना त्याने शाळेत असाच नकाशा काढला होता आणि शिक्षकांनी तो ‘सरळ’ काढून आणायला सांगितला होता, अशी त्यामागची कथा. माझ्या कोल्हापूरच्या हाताची आठवण झाली म्हणून मी तो घेतला. त्यात ऑस्ट्रेलिया वरच्या अंगाला मध्यावर ऐसपैस बसलेला आहे, युरोप खालच्या कोपऱ्यात, आणि भारताचं टोक कळसासारखं वर उठलेलं. कोकण उजव्या हाताला येतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा रत्नागिरी शोधायला मला मिनिटभर लागलं, स्वतःचं गाव! मित्रमंडळी येतात, मान वाकडी करतात, ‘छान आहे’ म्हणतात आणि पुन्हा मान वाकडी करतात. मला विचाराल तर नकाशा उलटा करणं ही फार मोठी क्रांती नव्हे. शाळेतल्या मर्केटर पद्धतीच्या नकाशात ग्रीनलंड भारताच्या कितीतरी पट दिसतो. प्रत्यक्षात भारत त्याच्या दीडपट आहे. तो नकाशा 1569 साली खलाशांसाठी निघाला, दिशा अचूक धरण्यासाठी. आकारमान बघण्यासाठी तो कुणी वर्गात टांगला याचा हिशेब निराळा. उलटा नकाशा निदान मान वाकडी करायला लावतो.

दिशांचं हे सगळं डोळ्यांना दिसतं म्हणून त्याची सवय होते. ऋतूंचं तसं होत नाही, कारण ऋतू शब्दांत लपलेले असतात. आई डिसेंबरात फोनवर हमखास विचारते, ‘थंडी पडली का रे?’ तिला दहा वेळा सांगून झालंय. तिला कळतं, पण ‘डिसेंबर’ म्हटलं की तिच्या तोंडून थंडीच बाहेर पडते, आणि मला हसायचा अधिकार नाही. माझीही तीच गत झाली, फक्त मी त्या सवयीवर पॅनेलं बसवली.

आमच्या मराठी मंडळींची संक्रांत बघायला हवी. जानेवारीचा मध्य, पारा 40 च्या पुढे, आणि बायका काळ्या चंद्रकळा नेसून हळदीकुंकवाला निघालेल्या. काळा रंग ऊन धरून ठेवतो, म्हणून थंडीतल्या सणाला तो नेसायचा. इथे तो ऊन धरतो ते पार्किंगपासून दारापर्यंत. तिळगूळ गाडीत ठेवला तर पाक होतो. आणि सूर्य उत्तरेकडे निघाला, दिवस मोठे होणार, म्हणून हा सण. इथे उत्तरायण म्हणजे दिवस आखडायला लागले. मुलगी सात वर्षांची असताना तिने विचारलं होतं, ‘बाबा, सूर्य इथून चाललाय तर आपण आनंद कसला करतोय?’ मी म्हटलं, आजीकडे चाललाय म्हणून. ते तिला पटलं.

पाडव्याला रत्नागिरीचे गुरुजी व्हिडिओ कॉलवर पूजा सांगतात. संकल्पात देश, काळ, अयन, ऋतू सगळं यावं लागतं. गुरुजी ‘वसंतऋतौ’ म्हणाले आणि खिडकीबाहेर उन्हाळा सरून गारवा यायला लागलेला. मी त्यांना थांबवलं आणि अडचण सांगितली. गुरुजींनी क्षणभरही घेतला नाही. म्हणाले, ‘पंचांग इथलं धरलंस ना? मग ऋतूही इथलाच धर. अर्धं इथलं, अर्धं तिथलं करशील तर घोळ होईल.’ धर्मशास्त्र मला कळत नाही, पण जानेवारीत त्या छपरावर चढण्याआधी हे वाक्य ऐकलं असतं तर बरं झालं असतं.

ऑस्ट्रेलियात सरकारी ऋतू चार, आणि तेही महिन्याच्या पहिल्या तारखेला बदलतात. 1 डिसेंबरला उन्हाळा सुरू. हे वेळापत्रक युरोपातून आणून सहा महिने पुढे सरकवलेलं आहे. पर्थ ज्यांच्या भूमीवर वसलंय ते नूंगार लोक मात्र सहा ऋतू मानतात, साधारण दोन-दोन महिन्यांचे: बिराक, बुनुरू, जेरान, माकुरू, जिल्बा, कंबारांग. मुलीने शाळेतून हे चक्र रंगवून आणलं, तेव्हा मी तिच्या शेजारी बसून वसंत, ग्रीष्म, वर्षा, शरद, हेमंत, शिशिर लिहून दिले. सहाला सहा. जुळतील असं वाटलं होतं. जुळले नाहीत, आणि का जुळावेत? नूंगारांचे ऋतू तारखेने लागत नाहीत, काय फुललं, वारा कुठून आला, कुठले प्राणी दिसायला लागले यावरून लागतात. माझ्या आजीला काजव्यांवरून पाऊस कळायचा, ती त्यांच्यात सहज मिसळली असती.

एक गोष्ट मात्र जुळते, आणि ती मला दरवर्षी चकवते. पर्थचा पाऊस मे-जूनमध्ये लागतो. जूनच्या सुरुवातीला मृग लागतो तेव्हा आई फोनवर पन्हळीचा आवाज ऐकवते, आणि माझ्याही खिडकीवर पाऊस वाजत असतो. मृग लागणं म्हणजे सूर्य मृग नक्षत्रात जाणं. ते दोन्ही गोलार्धांत एकाच दिवशी होतं, त्याला वर-खाली नाही. फक्त तिचा पाऊस उकाडा मोडणारा आणि माझा हाडं गारठवणारा. पेरणीही दोन्हीकडे होते. पर्थच्या आतल्या भागात याच दिवसांत गहू रुजतो.

बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी गोलाध्यायात हे सगळं समजावून ठेवलंय. माणूस पृथ्वीवर कुठेही उभा असो, आपण वर आणि पृथ्वी पायाखाली असंच त्याला वाटतं. पलीकडचे लोक आपल्याला पाण्यातल्या प्रतिबिंबासारखे उलटे वाटतात, पण तेही आपल्याइतकेच निर्धास्त उभे असतात. हे मी कॉलेजात परीक्षेपुरतं वाचलं होतं. प्रतिबिंबाच्या बाजूला राहायला गेल्यावर तिथल्या डिसेंबरात कसं वागायचं, ते परीक्षेत नव्हतं.

तर ती पॅनेलं. कंपनीकडे मी चूक कबूल केली. फोरमन हसला नाही, ओरडलाही नाही. म्हणाला, ‘उत्तरेकडून आलेला प्रत्येक माणूस एक पावसाळा तरी हे करतो.’ आम्ही तीन पॅनेलं उचलून पश्चिमेच्या उतारावर नेली. बाई खूश झाल्या, कारण दुपारी तीन ते रात्री नऊ या वेळात ग्रिडला दिलेल्या विजेला इथे जास्त दर मिळतो आणि पश्चिमेचं ऊन नेमकं त्याच वेळेचं. म्हणजे चुकीतून त्यांचं भलं झालं. माझं एका दिवसाचं काम फुकट गेलं, ते मी मनातल्या मनात शिकवणीच्या खात्यात टाकलं.

त्या रात्री आईला फोनवर ही हकिगत सांगितली. सूर्य आपल्याकडे दक्षिणेला आणि इथे उत्तरेला असतो, त्याच्यामुळे असं असं झालं. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, ‘आपल्याकडे नेहमी दक्षिणेला कुठे असतो? मे महिन्यात उत्तरेकडच्या पडवीत ऊन येतं की. आंब्याची साठं मी तिकडेच घालते. तुला कितींदा राखायला बसवलं होतं कावळ्यांपासून!’

खरं होतं. बसवलं होतं. अख्खा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. आपल्या प्रत्येक गावावरून सूर्य वर्षातून दोनदा डोक्यावरून पलीकडे जातो आणि परत येतो. नऊ वर्षं पुण्यात पॅनेलं दक्षिणेला वळवताना हे मला आकड्यांत माहीत होतं. वर्षभराची बेरीज दक्षिणेची येते म्हणून पॅनेल दक्षिणेला, एवढंच. पण उत्तरेच्या पडवीत साठं राखत बसलेल्या पोराच्या पाठीवर कुठल्या बाजूने ऊन पडत होतं, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात रत्नागिरीत असाल तर दुपारी साडेबाराच्या सुमारास अंगणात एक बाटली उभी करून बघा, तिची सावली तिच्या बुडाखाली गेलेली सापडेल. तिथून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत माध्यान्हीचा सूर्य तुमच्याही उत्तरेला असतो. बरेच दिवस ढग असतात, म्हणून दिसत नाही.